चिंच म्हणणाऱ्या लेकरांची अंगणवाडी

२०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पहिलीच्या लेकरांवरून मोठा वाद पेटला होता. १६ एप्रिलला तिथल्या सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवण्याचा निर्णय काढला, १७ जूनला तो थोडा बदलून पुन्हा काढला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अडीच महिने वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर एकच चर्चा होती. सहा वर्षांच्या मुलावर आणखी एका भाषेचा भार टाकावा का? आईची भाषा आधी पक्की व्हायला नको का? आपल्यापैकी पुष्कळांनी ते लेख आणि त्या चित्रफिती मोबाईलवरून इकडे तिकडे पाठवल्या. सौंसर-पांढुर्ण्याकडची, नोकरीधंद्यासाठी नागपूर, भोपाळ, इंदूर, जबलपूरला स्थायिक झालेली मंडळीही त्यात मागे नव्हती.

त्या काळात एक गोष्ट मात्र कोणी बोलले नाही. सावनेर ओलांडून सीमेच्या या बाजूला आले की रामाकोना, लोधीखेडा, मोहगाव, सौंसर या गावांतल्या मराठी घरांत हा प्रश्न पहिलीपर्यंत थांबतच नाही. तो तिसऱ्या वर्षीच निकाली निघतो. लेकरू अंगणवाडीत पाऊल टाकते आणि त्याच्यासमोरचा तक्ता, गोष्टीचे पुस्तक, ताईच्या हातातली पुस्तिका, सगळे भोपाळहून आलेले, म्हणजे हिंदी असते. यात कोणाचा दुष्टावा नाही. राज्याची भाषा हिंदी, म्हणून साहित्य हिंदी, एवढाच तो हिशेब. पण पलीकडे ज्या गोष्टीवरून सरकारला दोन निर्णय मागे घ्यावे लागले, ती अलीकडे साठ-सत्तर वर्षे निमूट चालू आहे.

हे कसे झाले ते आपल्या जुन्या पिढीला ठाऊक आहे, नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि त्या राज्याने हिंदी व मराठी दोन्ही भाषांना राजभाषा मानले होते. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी पट्टाही. बाजार, दवाखाना, सोयरीक नागपूरकडे आणि कचेरी छिंदवाड्याकडे, अशी आपली विभागणी तेव्हापासूनची. छिंदवाडा-नागपूर मार्गावर नॅरोगेजची छोटी गाडी होती तेव्हा रामाकोन्याच्या फलाटावर ती दोन्ही दिशांची भाषा एकत्र ऐकू यायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तालुका त्यात आला. मोठ्या हिंदी जिल्ह्याचे दक्षिण टोक म्हणून आपल्याकडे बघितले जायचे, ते आता उरले नाही. या लहान जिल्ह्यात मराठी बोलणारी वस्ती दाट आहे. जिल्ह्याच्या पातळीवर काही मागायचे असेल तर इतकी सोयीची वेळ याआधी नव्हती.

आपण मागतो काय? शाळेत मराठी विषय, मराठीचे शिक्षक, मराठी माध्यमाचे टिकून राहिलेले वर्ग. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर या मागण्यांना पुन्हा जोर आला. त्या योग्यच आहेत. पण त्या सहाव्या वर्षानंतरच्या आहेत. तोवर अक्षर म्हणजे हिंदी आणि मराठी म्हणजे घरात बोलायची बोली, ही वाटणी मुलाच्या मनात होऊन गेलेली असते. मग पाचवी-सहावीत मराठी विषय घ्यायला मुले मिळत नाहीत, आणि मुले नाहीत म्हणून शिक्षक मिळत नाही.

तक्त्यावरचे घुबड

लहान मुलांना अक्षर शिकवायची रीत साधी आहे. चित्र दाखवायचे, मूल त्या वस्तूचे नाव घेते, नावाचा पहिला आवाज पकडायचा आणि तो आवाज म्हणजे हे अक्षर, असे बोट ठेवून सांगायचे. ही सगळी युक्ती एकाच गोष्टीवर उभी आहे. चित्र पाहून मुलाच्या तोंडून जो शब्द निघतो, त्याच्या सुरुवातीला ते अक्षर असले पाहिजे.

आता हिंदीची नेहमीची वर्णमाला डोळ्यांसमोर आणा. अ से अनार, आ से आम, इ से इमली, ई से ईख, उ से उल्लू, ऊ से ऊन. रामाकोन्याचे तीन-चार वर्षांचे लेकरू ही सहा चित्रे पाहून म्हणेल डाळिंब, आंबा, चिंच, ऊस, घुबड आणि लोकर. सहापैकी एक आंबा तेवढा जुळला. 'ऊन'ची तर आणखी मजा. आपल्या लेकराला ऊन चांगले माहीत आहे, मे महिन्यात ते पायाला चटके देते. तक्त्यावर मात्र लोकरीचा गुंडा. पुढे व्यंजनांतही तेच. ख से खरगोश, लेकराला ससा ठाऊक. भ से भालू, त्याला अस्वल ठाऊक. ब से बंदर, आणि संत्र्याच्या बागेत धुडगूस घालणारे ते माकड.

हिंदी घरातले मूल जिथे एक पायरी चढते, तिथे आपल्या मुलाला दोन चढाव्या लागतात. आधी वस्तूचे नवे नाव पाठ करायचे, मग त्या नावाचा आवाज वेगळा काढायचा. बहुतेक मुले दुसरी पायरी सोडूनच देतात आणि 'इ से इमली' एका दमात गाणे म्हणावे तसे म्हणून मोकळी होतात. पाहुणे आले की आपण कौतुकाने म्हणायला लावतो. घडाघडा म्हणतेही. पण 'इ' वर बोट ठेवून हे काय विचारले तर उत्तर येते 'इमली', आणि 'इमली' म्हणजे काय विचारले तर लेकरू आईकडे बघते.

काही जण म्हणतील, लिपी तर एकच आहे, देवनागरी, मग बिघडले कुठे? माझे म्हणणे असे की लिपी एक आहे म्हणूनच हे काम सोपे आहे. तेलुगू किंवा बंगाली घरातल्या मुलाला हिंदी प्रदेशात दोन लिप्या शिकाव्या लागतात. आपल्या मुलाने चिंच-घुबडावरून देवनागरी शिकली तर तीच अक्षरे त्याला पहिलीत हिंदीच्या पुस्तकात कामाला येतात. एकही अक्षर वाया जात नाही, उलट 'ळ' जास्तीचा मिळतो. मूल घरच्या भाषेत आधी वाचायला शिकले की दुसरी भाषा सोपी जाते, हे युनेस्कोने १९५३ च्या अहवालात मांडले होते. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही पाच वर्षे एक पायाभूत टप्पा मानून किमान पाचवीपर्यंत शिकवण्याची भाषा शक्यतो घरची असावी असे सांगितले. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना मुलांच्या घरच्या भाषांची नोंद करून पूर्वप्राथमिक ते दुसरीपर्यंत त्या वापरायला सांगितले. म्हणजे आपण मागायचे ते सरकारच्या कागदावर आधीच लिहिलेले आहे.

घरची भाषा म्हणजे नेमकी कोणती, हा प्रश्न मात्र टाळू नये. पुण्याच्या छापील पुस्तकातली मराठी आपल्याकडे कोणत्याच घरात बोलत नाहीत. आपली बोली वऱ्हाडी-नागपुरी वळणाची, कित्येक घरांत डोळ्याचा 'डोया' होतो आणि पोळ्याचा 'पोया'. पवार समाजाच्या घरांत भोयरी पवारी आहे. आदिवासी वस्त्यांत गोंडी आहे, आणि तिथल्या लेकरावर मराठी तक्ता लादणे म्हणजे भोपाळने केले तेच आपण करणे. मराठीसाठी भांडणाऱ्या मंडळांनी हे आधीच कबूल केलेले बरे. गोंडी वस्तीत गोंडी बोलणारी ताई असावी, तक्त्यावर गोंडी नावे असावीत, हीही आपलीच मागणी असली पाहिजे.

ताराबाईंची अंगणवाडी आणि आजची

'अंगणवाडी' हा शब्द देशभर रुजला, तमिळनाडूपासून काश्मीरपर्यंत सरकारी कागदांत तोच आहे. ही कल्पना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामातून आली. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केले, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला आणि १९४५ मध्ये त्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढायला गेल्या. तिथे अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मोंतेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती, तेव्हा बिया, शिंपले, पाने, मातीचे मणी हीच साधने झाली. वारली मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. आधी लेकराला आंघोळ, केस विंचरणे, मग खेळ, गाणी, गोष्टी, असा तिथला क्रम.

हे आठवण्याचे कारण असे की ताराबाईंच्या अंगणवाडीत मूल जिथे राहते तिथले सगळे, त्याची भाषा आणि त्याच्या वस्तू, शिक्षणाचे साहित्य होते. आपल्या भागात ते काय असेल याचा विचार करा. संत्र्याच्या बिया मोजायला, सरकी आणि तूर वेगळी करायला, कपाशीचे बोंड उकलून बघायला. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल तर घरोघरी असतो. भुलाबाईची गाणी आजीला पाठ आहेत. यातले काही भोपाळहून पाठवावे लागत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ गटांत सुरू झाली. २०२५ मध्ये तिला पन्नास वर्षे झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आईला आहार-आरोग्याची माहिती आणि शाळापूर्व शिक्षण, अशा सहा सेवा तिच्यात आहेत. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत, मध्य प्रदेशात सुमारे ९७ हजार. पन्नास वर्षांत आहार आणि लसीकरण यांनी ही योजना व्यापून टाकली, आणि त्याला कारणही होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशातली पाच वर्षांखालची ३५.७ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आणि ३३ टक्के कमी वजनाची आढळली. त्याआधीच्या सर्वेक्षणात दोन्ही आकडे चाळीसच्या वर होते. सुधारणा झाली आहे, पण तीनपैकी एक मूल अजून त्या यादीत आहे. ताटातली खिचडी आधी, हे कोणीही मान्य करील.

पण शिकवायला वेळ उरतो किती? मे २०२३ मध्ये केंद्राने 'पोषण भी पढाई भी' हा कार्यक्रम सुरू केला आणि रोज किमान दोन तास शाळापूर्व शिक्षण व्हावे असे ठरवले. २०२४ मध्ये तीन ते सहा वयासाठी 'आधारशिला' हा अभ्यासक्रम आला. कागद उत्तम आहे, वाचून बघा. आता अंगणवाडीतल्या कार्यकर्तीची सकाळ बघा. हजेरी, पोषण ट्रॅकरवर नोंदी, वजन-उंची, गरोदर बायांच्या भेटी, लसीकरणाचा दिवस, सर्वेक्षण, मतदार यादीचे काम आले तर तेही. घरी न्यायचा आहार वाटताना लाभार्थीचा चेहरा मोबाईलवर ओळखून घेणे जुलै २०२५ पासून बंधनकारक झाले. जिथे नेटवर्कची एक दांडी येते आणि जाते, तिथे एका बाईचा चेहरा पटायला किती वेळ लागत असेल ते मोबाईल वापरणाऱ्या कोणालाही सांगायला नको. तेवढ्यात 'सांझा चूल्हा'चे जेवण येते, ते वाढायचे. दोन तास कुठून काढायचे?

तमिळनाडूत यावर एक नीट प्रयोग झाला. ३२० अंगणवाड्या निवडून त्यांतल्या काहींना अर्ध्या दिवसासाठी आणखी एक कार्यकर्ती दिली, तिच्याकडे काम एकच, मुलांना शिकवणे. दीड वर्षाने पाहिले तर शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला होता, मुलांची भाषा आणि गणिताची समज स्पष्ट वाढली होती. अनपेक्षित गोष्ट अशी की कुपोषणही घटले, कारण जुन्या कार्यकर्तीला आहार-आरोग्याच्या कामाला वेळ मिळाला. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास आहे. लहान मुलांवरचा खर्च पुढे परत मिळतो हे सांगताना सगळे अमेरिकेतल्या १९६२ च्या पेरी प्रयोगाचे नाव घेतात. तो प्रयोग मोलाचा आहेच, पण त्यात एकूण १२३ मुले होती आणि शिकवणारे उच्चशिक्षित शिक्षक होते. आपल्याला तमिळनाडूचा दाखला अधिक कामाचा, कारण तिथली अंगणवाडी आपल्यासारखीच, आणि नेमलेल्या बायाही आसपासच्याच.

इथे आपल्या भाषेचा प्रश्न आणि वेळेचा प्रश्न एक होतात. कार्यकर्ती त्याच गावची असावी असा नियम असल्याने मराठी गावात ती मराठीच बोलते. तिला भाषा शिकवायची गरज नाही. तिला साहित्य हवे, दोन तास हवेत, आणि 'अंगणवाडीत मराठी बोलले तर चालते' एवढे वरून कोणीतरी सांगितलेले हवे. पर्यवेक्षिका येणार म्हटले की आपल्या ताया मुलांशी हिंदी बोलू लागतात, हे आपल्याकडच्या कोणालाही नवे नाही.

मानधनाचा विषय इथे सोडून देता येत नाही. केंद्राने ठरवलेले मानधन ऑक्टोबर २०१८ पासून महिना ४५०० रुपये आहे. मध्य प्रदेश सरकारने २०२३ मध्ये एकूण मानधन १३ हजार करण्याची घोषणा केली. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी कार्यकर्ती आणि सहायिका ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला, पण सरकारदरबारी त्या अजून 'मानसेवी'च. ज्या टप्प्याला नवे धोरण शिक्षणाचा पाया म्हणते, तो पाया रचणारी बाई शिक्षिका गणली जात नाही. तिच्याकडून आपण काय अपेक्षा करायची याला काही मर्यादा राहते.

खिचडी हक्काची, अक्षर मर्जीचे

कायद्याने काय मिळते ते बघू. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये प्रत्येक वस्तीत अंगणवाडी असावी असे सांगितले. डिसेंबर २००६ च्या आदेशाने सहा वर्षांखालची ४० मुले असलेल्या आणि अंगणवाडी नसलेल्या वस्तीला मागणी केल्यावर तीन महिन्यांत अंगणवाडी मिळण्याचा हक्क दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने आहार हा हक्क झाला. शिक्षणाचा हक्क मात्र सहाव्या वर्षापासून सुरू होतो. २००२ च्या घटनादुरुस्तीने ४५ व्या कलमात सहा वर्षांपर्यंतच्या संगोपन-शिक्षणासाठी राज्याने 'प्रयत्न करावा' असे घातले आणि २००९ च्या कायद्याच्या ११ व्या कलमात सरकार त्याची व्यवस्था 'करू शकेल' असे म्हटले. म्हणजे खिचडी मिळाली नाही तर तक्रार करता येते, गोष्ट सांगितली नाही तर कोणाकडे जायचे?

भाषेसाठी आपल्याकडे घटनेचे कलम ३५० क आहे. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी राज्याने पुरवाव्यात, असे ते १९५६ पासून सांगते. १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले होते की शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले त्या भाषेची असतील तर शिक्षक द्यावा. अंगणवाडी हा प्राथमिक टप्पा नाही, असे उत्तर अधिकारी देतील. तेव्हा २०२० चे धोरण पुढे ठेवावे. त्यानेच तीन ते आठ हा एक टप्पा केला, त्यात अंगणवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी एकत्र बांधली. टप्पा एक असेल तर त्याच्या पहिल्या तीन वर्षांना कलमाबाहेर ठेवता येणार नाही. हा माझा युक्तिवाद आहे, न्यायालयात तो किती टिकेल ते वकील मंडळींनी सांगावे. आपल्या वाचकांत वकील कमी नाहीत.

आणि दहा मुलांचा आकडा? आपल्या मराठी गावातल्या अंगणवाडीत दहा मराठी लेकरे मोजायला फार वेळ लागणार नाही.

कॉन्व्हेंटची ओढ

मराठीतून अंगणवाडी मागायची तर अंगणवाडीत लेकरे असायला हवीत. अवघड जागा इथे आहे. गावात थोडी ऐपत असलेले घर लेकराला 'कॉन्व्हेंटमध्ये टाकते'. आपल्याकडे कोणत्याही इंग्रजी नावाच्या नर्सरीला कॉन्व्हेंट म्हणतात, तिथे साध्वी असो वा नसो. बूट, टाय, व्हॅन, आणि तिसऱ्या वर्षी वहीत ए-बी-सी-डी गिरवून आणायचा गृहपाठ. ज्या हाताला अजून घास नीट भरवता येत नाही त्याला पेन्सिल दिली जाते. पालकांना दोष देत नाही, त्यांना वहीत काहीतरी लिहिलेले दिसते, अंगणवाडीत ते दिसत नाही.

आता सरकारी व्यवस्थाच एका हाताने हे वाढवते. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांसाठी मध्य प्रदेशात नर्सरीपासूनच सोडत निघते आणि त्या मुलांची फी सरकार भरते. गरीब घराला संधी मिळते, ते चांगलेच. पण त्याच गावातल्या अंगणवाडीतून लेकरे कमी होतात आणि पटाअभावी तिला कोणी विचारत नाही. दुसरीकडे पहिलीत प्रवेशाचे वय पूर्ण सहा वर्षे करण्याचा आग्रह केंद्राने २०२३ पासून धरला आहे. पूर्वी पाचव्या वर्षी पहिलीत बसणारे मूल आता आणखी एक वर्ष कुठेतरी काढणार. ते वर्ष अंगणवाडीचे की कॉन्व्हेंटचे, हे येत्या तीन-चार वर्षांत गावोगाव ठरेल. असर २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तीन वर्षांच्या मुलांपैकी ७७ टक्क्यांहून अधिक कुठल्या ना कुठल्या पूर्वप्राथमिक केंद्रात नोंदलेली आढळली, २०१८ मध्ये ती ६८ टक्के होती. लेकरे घराबाहेर पडू लागली आहेत, हे नक्की.

आणि दुपारनंतर?

एक गोष्ट भाषेच्या भांडणात हमखास हरवते. दसऱ्यानंतर कापूस वेचणी लागते, आंबिया बहाराची संत्री तोडायला येतात, मग फेब्रुवारीपासून मृग बहार. आपल्या भागातल्या मजूर बायांचे हे सगळ्यात कामाचे महिने. बाई सकाळी निघते ती दिवेलागणीला परतते. अंगणवाडी तोवर केव्हाच बंद झालेली असते. मग लेकरू धुऱ्यावर झोळीत, नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, आणि ती बहीण शाळेत गैरहजर. तीन वर्षांखालच्या लेकराला तर अंगणवाडीत फक्त घरी न्यायचा आहार मिळतो, बसायला जागा नाही. बोरगावच्या कारखान्यांत जाणाऱ्या बायांसाठी कायदा तरी आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यातच तीसपेक्षा जास्त महिला कामगार असतील तर पाळणाघर सांगितले होते. शेतमजूर बाईला ते कोण देणार?

केंद्राच्या 'मिशन शक्ती'तल्या 'पालना' योजनेत अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर काढण्याची तरतूद आहे. संत्रा-कापसाच्या पट्ट्यासाठी याहून योग्य योजना नाही. निदान ऑक्टोबर ते एप्रिल या काळात तरी काही अंगणवाड्या संध्याकाळपर्यंत उघड्या राहाव्यात, ही मागणी जिल्हाधिकाऱ्यांपुढे मराठी मंडळाने मांडली तर कोणाला नवल वाटेल. वाटू द्या. धुऱ्यावरचे ते लेकरू कोणत्या भाषेत शिकेल हा प्रश्न यायच्या आधी ते कुठे बसेल हा प्रश्न येतो.

मंडळाने सुरुवात कुठून करावी याविषयी माझ्या मनात फार मोठा बेत नाही. पांढुर्ण्याच्या महिला व बालविकास कार्यालयाला एक निवेदन द्यावे, त्याची प्रत भोपाळच्या मराठी साहित्य अकादमीला आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांना. मराठी गावांत मराठी, गोंडी वस्तीत गोंडी साहित्य, रोजच्या दोन तासांसाठी दुसरी कार्यकर्ती आणि हंगामात पाळणाघर, एवढेच त्यात असावे. उत्तराची वाट बघत बसू नये. महाराष्ट्रात अंगणवाड्यांसाठी 'आकार' नावाचा अभ्यासक्रम मराठीत तयार आहे. आपल्याला गरज पडेल ती आपल्या बोलीत थोडा बदल करण्याची आणि तक्ते छापण्याची. निवृत्त शिक्षिका आपल्या सभासदांत पुष्कळ आहेत. सौंसर तालुक्यातल्या पाच-सहा अंगणवाड्यांपासून सुरुवात करता येईल, रामाकोन्यापासून केली तर फारच छान.

तक्त्याची यादी करायला बसलो तेव्हा चिंच, घुबड, ससा, अस्वल भराभर जमले. अडले ते 'ळ' पाशी, कारण त्याने सुरू होणारा शब्दच नाही. पुस्तकांत 'बाळ' घालतात. मला तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घालावासा वाटतो. मग लेकरू त्याला 'पोया' म्हणेल, आणि ताईला हसून सांगावे लागेल की लिहायचे मात्र 'पोळा'.